अंध शेतकरी आणि संकेतस्थळें

सातबाराचा उतारा, बाजारभावांची चौकशी, पीकविम्याचा अर्ज इत्यादि कामें आतां संकेतस्थळांवर होतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ज्या शेतकऱ्यास दृष्टि नाहीं त्यानें तीं कशीं करावीं, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां अंध खातेदार शेजाऱ्याचा हात धरून कचेरींत येत व आम्ही त्यांस नोंद वाचून दाखवीत असूं. वाचणारा जें वाचील तें खरें मानण्यावांचून त्यांस गत्यंतर नसे. आणि वाचणारा नेहमीं सरळ मनाचाच असे, असेंहि नाहीं.

आतां पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे 'स्क्रीन रीडर' नांवाचे प्रोग्राम निघाले आहेत. त्यांपैकीं एनव्हीडीए हा ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध गृहस्थानें २००६ सालीं रचावयास आरंभ केला; पुढें जेम्स टेह हे दुसरे अंध गृहस्थ त्यास मिळाले. तो विनामूल्य मिळतो. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांत टॉकबॅक असतोच. दोहोंसहि मराठी वाचतां येतें.

मात्र हा वाचक मुख्यतः अक्षरें वाचतो. कागदाचा नुसता फोटो चढविला असेल तर तो बहुधा 'चित्र' एवढेंच म्हणतो. जुन्या मराठी फॉन्टची गोष्ट याहून विचित्र. युनिकोडपूर्वींचे पुष्कळ फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसवून केलेले होते. डोळ्यांस 'शेतकरी' दिसतें, पण यंत्र अर्थहीन बडबड करितें.

सर्वांत अधिक घोटाळा तक्त्यांत होतो. बाजारभावाच्या तक्त्यांत आवक, किमान दर, कमाल दर असे रकाने असतात. स्थळ रचणारानें मथळ्यास मथळा म्हणून खूण केली असेल, तर यंत्र 'कमाल दर, ४२००' असें सांगतें. नसेल तर नुसतें '४२००'. मग ती आवक कीं दर, हें ऐकणारानें कसें ओळखावें? नमुन्यांचे रकाने पाठ असलेल्या जुन्या कारकुनासहि तें साधणार नाहीं. अर्जांतील रिकाम्या चौकटींचेंहि तसेंच.

आमच्या गांवच्या एका अंध बागाईतदाराचा अर्ज एका संकेतस्थळावर असाच अडला. वेडींवांकडीं अक्षरें ओळखून लिहा, असा शेवटीं हुकूम आला. तीं ऐकावयाची सोय नव्हती. त्यानें मोबाइल, परवलीचा शब्द व ओटीपी, सर्व एका परक्या मुलाच्या हवालीं केलें. म्हणजे पुन्हां शेजाऱ्याचाच हात.

मळणी यंत्रांत हात गमावलेल्यांस माउसवांचून, केवळ कळफलकानें काम करतां आलें पाहिजे; मंद दृष्टीच्या लोकांकरितां अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजेडाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें. अशा नियमांची पहिली आवृत्ति वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें १९९९ सालीं काढली. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशी सोय मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. तेव्हां तक्रार करतांना विनवणीची भाषा नको.

आपल्या संघाचीं पत्रकें तपासणें सोपें आहे. मोबाइलवर पत्रक उघडून एका शब्दावर बोट दाबून धरावें. शब्द निवडला जात नसेल तर तो बहुधा फोटो आहे. निवडून दुसरीकडे उतरविल्यावर इंग्रजी अक्षरें उमटलीं, तर फॉन्ट जुना आहे. दोन्ही प्रसंगीं मजकूर युनिकोडमध्यें पुन्हां टंकून घ्यावा.