मागून पुढे: ऑस्ट्रेलियन फूटीतल्या बचावाबद्दलचे गैरसमज

मेलबर्नला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना मार्च ते सप्टेंबर या काळात एक खेळ चुकवता येत नाही. टीव्हीवर, ट्राममध्ये, शाळेच्या मैदानावर सगळीकडे तोच. लंबगोल चेंडू, बिनबाह्यांच्या जर्सी, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि दोन्ही बाजूंनी अठरा-अठरा खेळाडू. तिथले लोक त्याला फूटी म्हणतात. श्रीरामपूर-संगमनेरकडून गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की ही नुसती झोंबाझोंबी आहे. थोडे दिवस गेले की वाटतं, पुढचे खेळाडू गोल करतात आणि मागचे चेंडू लांब भिरकावून देतात. पहिला समज लवकर जातो. दुसरा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यापायी या खेळातला सगळ्यात विचारपूर्वक खेळला जाणारा भाग नजरेतून सुटतो. तो भाग म्हणजे आपल्या गोलसमोरून चेंडू बाहेर काढणं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाला हे सांगायला कबड्डी पुरेशी आहे. टाकळीभानचा अस्लम इनामदार चढाईला गेला आणि त्याने गडी टिपला, एवढ्याने गुण मिळत नाही. तो मध्यरेषेपर्यंत परत पोचला तरच गुण, वाटेत पकडला गेला तर गुण समोरच्यांना. त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण 2024 मध्ये प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा घराघरांत लोक हाच परतीचा क्षण श्वास रोखून पाहत होते. फूटीतही मागच्या खेळाडूने चेंडू हिसकावला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं अवघड असतं, आणि गैरसमज आहेत ते त्याच्याबद्दलच.

‘हा रग्बीचाच एक प्रकार आहे’

नाही. 1858 च्या जुलैमध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका खेळविषयक नियतकालिकाला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी, 17 मे 1859 रोजी, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी नियम लिहून काढले. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलचे नियम त्यानंतर पाव शतकाने लिहिले गेले, त्यामुळे ‘तो आयरिश खेळच इथे आला’ हेही त्या कागदांवरून सिद्ध होत नाही.

बचावाच्या दृष्टीने दोन फरक महत्त्वाचे. रग्बीत चेंडू हाताने पुढे देता येत नाही, मागे मात्र फेकता येतो. फूटीत तो कोणत्याही दिशेला देता येतो, पण फेकून नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून द्यायचा (हा हँडबॉल) किंवा लाथेने मारायचा. दुसरा फरक, फूटीत ऑफसाइड नाही. प्रतिस्पर्धी तुमच्या पाठीमागे, थेट तुमच्या गोलच्या तोंडाशी उभा राहू शकतो. सॉकरचा बचावपटू एक पाऊल पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडतो, ती सोय इथे कुणालाच नाही.

‘मैदान एवढं मोठं, मग जागेची काय अडचण?’

नियमाप्रमाणे मैदानाची लांबी 135 ते 185 मीटर आणि रुंदी 110 ते 155 मीटर असू शकते. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर क्रिकेट आणि फूटी दोन्ही होतात, यावरून आकाराचा अंदाज यावा. एवढ्या मोकळ्या जागेत 36 माणसं म्हणजे विरळच, असं कुणालाही वाटेल. पण ती पसरून उभी राहत नाहीत. 2000 साली एसेंडन संघ लागोपाठ वीस सामने जिंकून आला होता. वेस्टर्न बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी जवळपास सगळा संघ मागे आणून एसेंडनच्या गोलकडे जाणाऱ्या वाटा बुजवल्या. एसेंडन त्या मोसमात हरला तो हा एकच सामना. दहा वर्षांनी मिक मॉल्टहाउस यांच्या कॉलिंगवूडने याच्या उलट केलं. सगळा संघ पुढे चढवायचा आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातून बाहेरच येऊ द्यायचा नाही. 2010 चा अंतिम सामना 68-68 असा बरोबरीत सुटला, आठवड्याने पुन्हा खेळवला गेला आणि कॉलिंगवूडने सेंट किल्डाला 108-52 असं हरवलं.

तेव्हापासून मागच्या खेळाडूला मान वर केल्यावर दिसतो तो माणसांचा पडदा. एक रांग जवळ, दुसरी मधे, तिसरी लांब फटका जिथे पडेल तिथे.

‘मग लांब मारून मोकळं व्हावं’

सर्वांत पक्का गैरसमज हाच, आणि त्यात थोडं तथ्य आहे म्हणूनच तो पक्का आहे. संकटात सीमारेषेच्या कडेकडेने लांब मारणं हा आजही सुरक्षित मार्ग मानतात. कारण सरळ आहे. तिथे चेंडू गमावला तरी प्रतिस्पर्ध्याला गोलसाठी वाकडा कोन मिळतो, आणि जमिनीला टप्पा घेऊन बाहेर गेला तर 2025 पर्यंत बहुतेक वेळा तो कुणा एकाच्या हाती न जाता पुन्हा आत फेकला जाई. पण टप्पा न घेता थेट बाहेर गेला तर समोरच्यांना फ्री किक मिळते, हा नियम 1969 पासून आहे. चेंडू आत ठेवायचा पुरेसा प्रयत्न केला नाही असं अंपायरला वाटलं, तरीही फ्री किक. म्हणजे बाहेर टोलवून सुटका करून घेण्याचा रस्ता जवळजवळ बंद आहे.

उलट, लांब मारलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि तेवढ्यात खाली दोन्ही बाजूंची माणसं जमतात. तिथे निम्म्या वेळा चेंडू समोरच्यांकडे जाणार हे धरून चालावं. म्हणून चांगले संघ छोट्या किकचा आधार घेतात. किमान 15 मीटर गेलेला चेंडू, वाटेत कुणाचाही हात न लागता झेलला की ‘मार्क’ मिळतो. मार्क घेतलेल्या खेळाडूला धरता येत नाही. प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस त्या जागी उभा राहतो आणि झेलणाऱ्याला थोडं मागे सरकून, डोकं शांत ठेवून पुढची किक मारता येते. 2021 मध्ये नियम आला की अंपायरने सांगितल्यावर मार्कवरच्या माणसाने जागचं हलायचं नाही, हलला तर 50 मीटरचा दंड. या नियमामुळे मागच्या खेळाडूला तिरके कोन उघडले. पूर्वी तो समोरचा माणूस डावी-उजवीकडे नाचून तेच कोन बंद करायचा.

आता उरतो मैदानाचा मधला पट्टा. तिथून गेलं तर गोलचा रस्ता सर्वांत जवळचा आणि समोरच्यांना जागा धरायला वेळ सर्वांत कमी. पण तिथे चेंडू गमावला तर तो थेट आपल्या गोलसमोर गमावला. शिवाय चेंडू आपल्याकडे आला असं दिसताच आपलेच बचावपटू आपापल्या माणसाला सोडून मोकळ्या जागेत धावलेले असतात. त्या दोन-तीन सेकंदांत चेंडू परत गेला, तर समोरच्यांचे खेळाडू मागे एकटे आणि मोकळे सापडतात. प्रशिक्षक ज्या चुकीवर सर्वांत जास्त चिडतात ती हीच. लांब मारल्याने ही चूक टळत नाही, फक्त ती चाळीस-पन्नास मीटर पुढे घडते. तरीही मधूनच जायची हिंमत करणारे संघ मला जास्त आवडतात. 2007 चा जिलाँग संघ मागून हँडबॉल देत, धावत मधल्या पट्ट्यातून सुटायचा. त्यांनी अंतिम सामना पोर्ट ॲडलेडविरुद्ध 119 गुणांनी जिंकला, आणि अंतिम सामन्यातलं सर्वांत मोठं अंतर आजही तेच आहे.

‘हँडबॉल म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालणं’

हँडबॉलबद्दल एक दंतकथाही आहे. 1970 च्या अंतिम सामन्यात 1,21,696 प्रेक्षकांसमोर कार्लटन मध्यंतराला 44 गुणांनी मागे होता. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी हँडबॉलवर भर द्यायला सांगितलं आणि कार्लटनने कॉलिंगवूडला 10 गुणांनी हरवलं. यावरून ‘आधुनिक हँडबॉल त्या मध्यंतरात जन्मला’ असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात जिलाँगच्या पॉली फार्मरने त्याआधीच हँडबॉलला हल्ल्याचं हत्यार बनवलं होतं, आणि त्याचा संघ 1963 मध्ये विजेता ठरला होता.

मागच्या फळीत हँडबॉल अंगावर येतो तो खेळाडू जागच्या जागी उभ्या असलेल्या सोबत्याला चेंडू देतो तेव्हा. संधी असून चेंडू सोडला नाही आणि पकडला गेला, तर पकडणाऱ्याला फ्री किक मिळते. आपल्या गोलपासून वीस मीटरवर अशी किक म्हणजे सहा गुण जवळपास गेलेच. तोच हँडबॉल बाजूने वेगात धावत येणाऱ्याच्या पुढ्यात दिला की पहिली रांग एका क्षणात मागे पडते. धावणाऱ्याने दर 15 मीटरला चेंडू जमिनीवर आपटायचा किंवा टेकवायचा असतो. लंबगोल चेंडू पळता पळता आपटून परत हातात घेणं किती कठीण आहे ते एकदा करून पाहावं.

‘किक-इन म्हणजे सॉकरची गोलकिक’

मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण, आणि मग बचाव करणारा संघ चेंडू पुन्हा खेळात आणतो, तीच किक-इन. बिहाइंड झाला की गोल अंपायर एक बोट दाखवतो आणि एक निशाण हलवतो. तोवर मागच्या खेळाडूने नवा चेंडू उचललेला असतो. 2006 पूर्वी निशाण हलवून होईपर्यंत त्याला थांबावं लागे, तेवढ्यात समोरचे आपापल्या जागा धरत. आता थांबायचं नाही. 2019 पर्यंत गोलसमोरच्या 9 मीटर लांब चौकटीतून चेंडू घेऊन धावत निघायचं तर आधी स्वतःलाच छोटी किक मारावी लागे. तीही अट गेली. समोर उभा राहणारा माणूस चौकटीपासून 5 मीटरवर असायचा, त्याला 2019 मध्ये 10 आणि 2021 मध्ये 15 मीटरवर नेलं. या सगळ्या बदलांमागे एकच हेतू आहे, की मागून निघणाऱ्याला वाट मिळावी आणि खेळ एका टोकाला अडकून पडू नये.

किक-इन घेणाऱ्या खेळाडूचे डोळे पाहावेत. तो डावीकडे बघत उजवीकडे मारतो. त्याचे दोन सोबती एकमेकांच्या दिशेने धावतात आणि ऐन वेळी फुटतात, त्यांच्यामागे जाणारे दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. पंधरा-वीस मीटरचा एक मोकळा तुकडा तयार होतो. चेंडू तिथे पडायला हवा, सोबतीही त्याच वेळी तिथे पोचायला हवा.

‘स्वतःच समोरच्याला गुण द्यायचा, हा मूर्खपणा’

बचावपटू कधी कधी चेंडू मुद्दाम आपल्याच रेषेपार नेतो. त्याने तो हाताने किंवा पायाने कसाही पार केला तरी समोरच्यांना एकच गुण मिळतो आणि किक-इन आपल्याला. सहा जाण्याऐवजी एक गेला आणि चेंडूही हातात आला. हिशेब इतका चोख होता की 2008 च्या अंतिम सामन्यात बिहाइंडच्या खात्यावर असे 11 गुण हॉथॉर्नने जिलाँगला देऊन टाकले. जिलाँगचे गोल 11 आणि बिहाइंड 23, एकूण 89. हॉथॉर्नचे 115. सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक मिळालं हॉथॉर्नच्या ल्यूक हॉजला, आणि तो हाफ-बॅक म्हणजे मागच्या फळीतूनच खेळत होता. ‘बचावपटू म्हणजे दुय्यम’ या समजाला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

2009 पासून दबाव नसताना मुद्दाम असा गुण दिला तर समोरच्यांना फ्री किक मिळते. दबाव खरा असेल तर मात्र आजही मुभा आहे. हा बदल मला योग्य वाटतो, कारण हॉथॉर्नने जे केलं ते नियमात बसत असलं तरी त्यात चेंडू बाहेर काढायचं कसब लागत नव्हतं.

मैदानावर जाऊन पाहायची संधी मिळाली तर शक्यतो गोलच्या मागे, उंचावरची जागा घ्या. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे लांबच्या कडेला एकटा मोकळा उभा असलेला खेळाडू दिसत नाही. मागच्या माणसाने चेंडू झेलला की चेंडूवरून नजर काढून त्या लांबच्या कडेकडे पाहा. दोन-तीन किकमध्ये चेंडू आडवा तिथे पोचला, तर पडद्यातल्या अठरा जणांना शंभरेक मीटर आडवं सरकावं लागतं, आणि तेवढं वेगाने कुणालाच सरकता येत नाही.