विजयाच्या रात्रीची बंधुता

१२ जुलै १९९८ रोजी फ्रान्सने ब्राझीलला ३-० ने हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर लाखोंचा जनसागर लोटला. काळे, गोरे, अरब एकत्र नाचले. दोन गोल करणाऱ्या झिदानचा चेहरा विजयकमानीवर झळकला. झिदान म्हणजे अल्जेरियातून आलेल्या मजुराचा मुलगा! या राष्ट्रीय संघाला १९९६ साली ‘कृत्रिम’ म्हणून हिणवणारे वर्णद्वेषी नेते ल पेन त्या रात्री तोंडघशी पडले.

पण तेच ल पेन २००२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोहोचले. २००५ साली स्थलांतरितांच्या उपनगरांत बेकारी आणि पोलिसी जाचाविरुद्ध आगडोंब उसळला. जगाला स्वातंत्र्य, समता, बंधुता देणाऱ्या देशात हे घडले! गोल करणारा आपला आणि नोकरी मागणारा परका, ही कसली बंधुता?