परदेशातल्या बाजारात 'गावठी' शोधताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेताना 'गावठी आहे ना?' एवढा एकच प्रश्न पुरेसा असतो. विकणारी बाई 'आमच्याच मळ्यातली' म्हणते आणि व्यवहार संपतो. प्रमाणपत्र कोणी मागत नाही. तिचे गाव ठाऊक असते आणि पुढच्या शुक्रवारीही ती त्याच जागी बसलेली असणार, ही खात्री असते. भाजी वाईट निघाली तर जाब विचारायला माणूस समोर आहे, यावरच सारा विश्वास उभा असतो.

पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गोव्यातून लिस्बनला किंवा तेथून पुढे युरोपातील अन्य देशांत गेलेल्या कुटुंबांना पहिल्या काही आठवड्यांतच या खात्रीची उणीव जाणवू लागते. मुले लहान असली तर अधिकच. बाजारात भाजी भरपूर असते, दिसायलाही देखणी असते. पण ती कोणाच्या शेतातली, कशी पिकवलेली, हे सांगणारे कोणी नसते. मग 'सेंद्रिय' मालाचा शोध सुरू होतो, आणि नवख्या माणसाचे पैसे बहुधा याच टप्प्यावर वाया जातात. कारण तो मनात गावठी शोधत असतो आणि वेष्टनावर सेंद्रिय वाचत असतो. या दोन गोष्टी एक नव्हेत. गावठी या शब्दात स्थानिक बियाणे, जवळचे शेत आणि ओळखीचा माणूस येतो. सेंद्रिय ही युरोपात कायद्याने बांधलेली उत्पादनपद्धती आहे. तीत तपासणी आहे, नोंदी आहेत, दंड आहे. ओळख मात्र नाही. हजारो किलोमीटरवरून आलेला माल सेंद्रिय असू शकतो आणि शेजारच्या गावातला नसू शकतो.

पहिली अडचण शब्दाची. पोर्तुगालच्या बाजारातील निम्मे शब्द गोमंतकीयाला परके वाटत नाहीत. बटाटा, कोबी, अननस, पपई, काजू ही नावे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबरच आली. पण सेंद्रियासाठी तिकडचा कायदेशीर शब्द 'बिओलॉजिको' असा आहे. शेतीला 'अग्रिकुल्तुरा बिओलॉजिका' म्हणतात आणि बोलताना नुसते 'बायो'. आपल्या 'जैविक' या शब्दाचा तो सख्खा भाऊच म्हणायचा. शेजारच्या स्पेनमध्ये त्याच अर्थाने 'एकोलॉजिको' लिहितात, जर्मनीत 'बायो' किंवा 'ओको', आयर्लंडमध्ये 'ऑरगॅनिक'. ब्राझीलची भाषा पोर्तुगीजच असली तरी तेथे 'ऑर्गानिको' हा शब्द रूढ आहे, त्यामुळे लिस्बनच्या ब्राझिली दुकानांत तोही दिसतो. युरोपीय संघात अन्नपदार्थांवर 'बायो' आणि 'इको' ही संक्षिप्त रूपे कोणत्याही भाषेत वापरायची असली, तरी मालाला सेंद्रियाचे नियम लागू होतात.

फसगत होते ती या कुटुंबाबाहेरच्या शब्दांनी. 'नातुराल' म्हणजे नैसर्गिक, 'काझेइरो' म्हणजे घरगुती. कानाला दोन्ही गोड लागतात, आपल्या गावठीच्या जवळचेही वाटतात. पण सेंद्रिय शेतीची हमी दोन्हींत नाही. 'प्रोदुसांव इंतेग्रादा' हा शब्द तर फारच भारदस्त आहे. त्याचा अर्थ एकात्मिक उत्पादन. या पद्धतीत रसायनांचा वापर मोजूनमापून केला जातो, पण केला जातो. ही शेती वाईट नव्हे. मात्र ती सेंद्रिय समजून कोणी जादा दर मोजू नये.

म्हणून वेष्टनाची पुढची बाजू सोडून मागची बाजू वाचायची सवय लावून घ्यावी. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ताऱ्यांनी रेखलेले एक पान तेथे दिसेल. २०१० पासून हे युरोपीय संघाचे सेंद्रिय चिन्ह आहे आणि संघात तयार झालेल्या वेष्टनबंद सेंद्रिय मालावर ते बंधनकारक आहे. प्रक्रिया केलेल्या पदार्थावर हे पान छापायचे तर त्यातील शेतीजन्य घटकांपैकी वजनाने किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. पानाच्या जवळच रोमन अक्षरांत एक संकेतांक असतो. पोर्तुगालमध्ये तो 'पीटी-बायो' या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढे आकडा येतो. पहिली दोन अक्षरे देशाची, मधला शब्द पद्धतीचा आणि आकडा त्या मालाची तपासणी करणाऱ्या संस्थेचा. त्याखाली कच्चा माल कोठे पिकला हे लिहिलेले असते: पोर्तुगालमध्ये, संघात, की संघाबाहेर. म्हापशाच्या बाजारात जे काम भाजीवालीचा चेहरा करतो, ते येथे हा संकेतांक करतो. तो रुक्ष आहे खरा, पण खोटा निघाला तर जाब कोणाला विचारायचा हे त्यातून कळते.

सुट्या भाजीच्या बाबतीत शंका असेल तर विक्रेत्याकडे 'सर्तिफिकादो' मागावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. तिकडे तो रोजचा प्रश्न आहे. लिस्बनच्या प्रिंसिपे रेआल बागेत दर शनिवारी सकाळी 'आग्रोबियो' या सेंद्रिय शेतीच्या संघटनेचा बाजार भरतो. तेथे अनेकदा पिकवणाराच विकायला उभा असतो. ओळखीच्या माणसाकडून भाजी घेण्याचे समाधान आणि कागदाची हमी, दोन्ही एकत्र मिळण्याची ही जागा आहे. नव्याने आलेल्याने दुकानांची यादी करत बसण्यापेक्षा दोन शनिवार तेथे घालवावेत, असे माझे मत आहे. भाज्यांची नावेही तेथे लवकर तोंडी बसतात. तांबडी भाजी दिसण्याची शक्यता कमी; पण 'कोव्ह गालेगा' ही उंच दांड्याची पालेभाजी मिळेल. ज्या गोमंतकीय घरांत काल्द व्हेर्दचे सूप होते, तेथे ती ठाऊक असेलच. नारळ घालून तिची सुकी भाजीही छान होते. उकड्या तांदळाची जागा मात्र सहजी भरून निघत नाही. पोर्तुगालचा स्वतःचा 'कारोलिनो' तांदूळ सादो, तेजो आणि मोंदेगो नद्यांच्या खोऱ्यांत पिकतो, आणि त्यात सेंद्रियही मिळतो. तो रस शोषून मऊ होतो, त्यामुळे पेजेला बरा, पण उकड्याची चव त्यात शोधू नये.

डाळी, मसाले आणि तीळ यांसाठी पावले साहजिकच मार्तिम मोनिझ परिसरातील भारतीय उपखंडाच्या दुकानांकडे वळतात. येथे अधिक डोळसपणे पाहावे लागते. पाकिटावर 'जैविक भारत' हे आपले हिरवे चिन्ह असले, तरी ते भारतातील विक्रीसाठी आहे. युरोपात सेंद्रिय म्हणून विकायचा तर त्या मालासोबत प्रत्येक खेपेचे तपासणी प्रमाणपत्र लागते आणि पाकिटावर तपासणी संस्थेचा युरोपमान्य संकेतांक लागतो. आयात मालावर पानाचे चिन्ह ऐच्छिक आहे, संकेतांक मात्र नाही. हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या युरोपात अन्नासाठी बंदी असलेल्या रसायनाचे अंश बेल्जियमला सापडले आणि त्यानंतर अनेक देशांत तिळाचे पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. त्यांत सेंद्रिय म्हणून विकलेला मालही होता. 'आपल्याकडचे आहे' ही भावना स्वाभाविक आहे, पण ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनसारख्या गोमंतकीयांनी गजबजलेल्या शहरात राहणाऱ्यांसाठी चित्र थोडे वेगळे आहे. संघ सोडल्यावर तेथे पानाचे चिन्ह बंधनकारक राहिले नाही. 'जीबी-ऑर्ग' या अक्षरांनी सुरू होणारा संकेतांक पाहावा. त्यातला ०५ हा आकडा 'सॉइल असोसिएशन' या १९४६ साली स्थापन झालेल्या संस्थेचा. घरपोच येणारी भाजीची साप्ताहिक पेटी ही तेथील जुनी, रुळलेली सोय आहे. पेटीत काय येईल हे ऋतू ठरवतो. त्यामुळे हिवाळ्यात कंदमुळे खाण्याची तयारी हवी.

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. नव्या देशातली पहिली वर्षे बहुधा गोदामातल्या, हॉटेलातल्या किंवा साफसफाईच्या कामाच्या पगारावर निघतात, आणि घरभाडे त्यातला मोठा वाटा खाते. अशा घराने सगळेच सेंद्रिय घेण्याचा अट्टहास धरू नये. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असेही नव्हे; तांब्याची संयुगे, गंधक यांसारखी काही द्रव्ये नियमांत राहून वापरता येतात. उलट, साधी भाजी म्हणजे विषच, ही भीतीही निराधार आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या वार्षिक तपासणीत दहापैकी नऊहून अधिक नमुने कीटकनाशकांच्या कायदेशीर मर्यादेत आढळत आले आहेत. तेव्हा घरात रोज लागणाऱ्या दोन-चार वस्तू निवडाव्यात आणि त्याच सेंद्रिय घ्याव्यात. कडधान्ये, तांदूळ, अंडी, दूध यांत मोठ्या दुकानसाखळ्यांच्या स्वतःच्या नावाचा सेंद्रिय माल बहुधा स्वस्त पडतो. त्याला आणि महागड्या दुकानातल्या मालाला नियम एकच आहे. चकचकीत दुकानाचे भाडे आपण का भरावे?

जाताना सामानात काय न्यावे, हाही प्रश्न घरोघरी निघतो. सात शिरांच्या भेंड्यांचे किंवा आगशीच्या वांग्यांचे बियाणे पिशवीच्या कोपऱ्यात बांधून नेण्याचा मोह होतो. युरोपीय संघात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय लागवडीचे बियाणे नेता येत नाही. ताजी फळे आणि भाज्यांनाही तोच नियम आहे, म्हणून आंबा विमानतळावरच काढून घेतला जाऊ शकतो. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ तर नेताच येत नाहीत, त्यामुळे घरच्या तुपाची बरणी मागे ठेवावी लागेल. या प्रमाणपत्रातून पाच फळांना सूट आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.