एक कान अचानक बंद झाला तर

72 तासांच्या आत, लागून असलेल्या तीन ध्वनिवारंवारतांवर ऐकण्याची क्षमता 30 डेसिबल किंवा अधिक घटली, तर तो आकस्मिक बहिरेपणा. बहुधा एकाच कानाला होतो. अमेरिकेत वर्षाला लाखात 5 ते 27 जणांना. कोविडच्या साथीत असे रुग्ण जगभर नोंदले गेले. एकूण प्रमाण वाढले का, यावर मात्र अभ्यासांत एकमत नाही.

डॉक्टरांना दाखवायला दाभोसा गावातून जव्हारला जायचे तर सुमारे 20 किलोमीटर. तरी ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. उपचारात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. प्राथमिक तपासणीला वीजही लागत नाही: ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवल्यावर आवाज चांगल्या कानात मोठा वाटला, तर दोष बहुधा आतल्या कानाचा.