‘परफेक्ट स्टॉर्म’ लिहिणाऱ्या पत्रकाराने मित्राच्या मृत्यूनंतर प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले

अनेक संकटं एकाच वेळी कोसळली की बातम्यांमध्ये ‘परफेक्ट स्टॉर्म’ हा शब्द हमखास येतो. तो जगभर पोहोचवणारा माणूस म्हणजे अमेरिकन लेखक आणि माहितीपटकार सेबॅस्टियन जंगर.

जंगरचा जन्म १९६२ चा, मॅसॅच्युसेट्समधला. शिक्षण मानववंशशास्त्राचं, पण पोटासाठी तो उंच झाडांवर चढून फांद्या कापायचा. एकदा यांत्रिक करवत पायाला लागली. घरी पडून असताना त्याच्या डोक्यात विचार आला, जीव धोक्यात घालून काम करणाऱ्यांवर कुणीतरी लिहायला हवं.

तेव्हा तो ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात राहत होता. ऑक्टोबर १९९१ च्या वादळात तिथली ‘अँड्रिया गेल’ ही बोट सहा जणांसह बेपत्ता झाली. त्यावरचं त्याचं ‘द परफेक्ट स्टॉर्म’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि तुफान खपलं. २००० मध्ये त्यावर जॉर्ज क्लूनीचा सिनेमाही निघाला.

पैसा आला, नाव झालं. तरी जंगर युद्धभूमीवर जातच राहिला.

२००७ मध्ये तो ब्रिटिश छायाचित्रकार टिम हेदरिंग्टनसोबत अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यात पोहोचला. तिथे अमेरिकन सैनिकांची एक चौकी होती. चकमकीत मारल्या गेलेल्या लष्करी वैद्यकीय मदतनीसाचं नाव तिला दिलं होतं : रेस्ट्रेपो. दोघांनी सैनिकांसोबत राहून चित्रीकरण केलं आणि २०१० मध्ये ‘रेस्ट्रेपो’ हा माहितीपट आला. त्यात ना निवेदक, ना नेते, ना सेनापती. फक्त सैनिक, त्यांची भीती आणि त्यांचा कंटाळा. सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपटांचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्करचं नामांकनही.

ऑस्कर सोहळ्याला दोन महिनेही झाले नव्हते. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात तोफगोळ्याचे तुकडे लागून हेदरिंग्टन गेला. जंगरही त्याच्यासोबत लिबियाला जाणार होता, पण ऐनवेळी त्याचं जाणं रद्द झालं.

नंतर त्याला समजलं की मित्र रक्तस्रावाने गेला. सोबतच्या कुणाला रक्त थांबवायचं कसं हे ठाऊक असतं, तर कदाचित तो दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचला असता.

मोठ्या वृत्तसंस्था आपल्या पत्रकारांना प्रशिक्षण आणि विमा देऊ शकतात. स्वतंत्र पत्रकाराच्या मागे मात्र कुणीच नसतं. म्हणून जंगरने ‘रिस्क’ ही संस्था काढली. युद्धक्षेत्रात जाणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना ती प्रथमोपचार मोफत शिकवते. पहिला वर्ग २०१२ मध्ये न्यूयॉर्कला भरला. जंगरने स्वतः युद्धवार्तांकन थांबवलं आणि २०१३ मध्ये मित्राच्या आयुष्यावर माहितीपट केला.

गोष्ट इथे संपत नाही. जून २०२० मध्ये घरी असतानाच जंगरच्या पोटातली एक रक्तवाहिनी फुटली. युद्धातून सुखरूप परतलेला माणूस आता रक्तस्रावानेच मरायला टेकला होता. शुद्ध हरपत असताना त्याला आपले दिवंगत वडील दिसले. वडील भौतिकशास्त्रज्ञ, मुलगा नास्तिक. या अनुभवाचा अर्थ शोधणारं त्याचं ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ हे पुस्तक २०२४ मध्ये आलं.

तो वाचला तो डॉक्टरांमुळे आणि अनोळखी लोकांनी दान केलेल्या रक्तामुळे. मित्राच्या वाट्याला जी वेळेवरची मदत आली नाही, ती त्याला मिळाली होती.