आधी मूठ, मग पिस्तूल

‘मुलीला एअर पिस्तूल घ्यायचे आहे, कोणत्या कंपनीचे घेऊ?’ असे विचारत पालक माझ्याकडे येतात. मी उलट विचारतो, ‘मुलीला बरोबर आणले आहे का?’ बहुतेक वेळा आणलेले नसते. कंपन्यांची माहितीपत्रके मात्र आणलेली असतात. चपला घ्यायला गेलो तर आपण पाय बरोबर नेतो, आणि लाखाच्या वर किंमत असलेले पिस्तूल घेताना हात घरी ठेवून येतो.

माझी उमेद पिंपरीत टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर नेमबाजी करणाऱ्या मुलामुलींच्या पिस्तुलांच्या मुठी घासून, भरून, हाताबरोबर बसवून देण्याचे काम मी करतो. आपल्या या पट्ट्यात भोसरी, निगडी, चाकण इथे ‘गन’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नट आवळायची हवेची गन येते. ती गन हाताला मोठी झाली तर दुपारपर्यंत मनगट भरून येते, हे लाइनवर काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पिस्तुलाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की लाइनवर मनगट दुखते आणि रेंजवर गुण जातात.

वाकडच्या पुलापलीकडे बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभी राहिली. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने त्यांत सुवर्णपदक मिळवले. पुढे २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके घेतली. तेव्हापासून कामगार वस्त्यांतूनही मुले-मुली रेंजकडे वळलेली दिसतात. ओव्हरटाइमचे, भिशीचे, कधी पीएफचे पैसे काढून आईबाप पिस्तूल घेतात. म्हणूनच हा विषय नुसत्या हौसेचा नाही.

आता मूळ मुद्दा. पिस्तूल नेमबाजीत पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. दुसरा हात खिशात किंवा कमरेला. पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर गाजला. त्यात ऐट नव्हती, खेळाची ती पद्धतच आहे. रायफलीला खांद्याचा, गालाचा, दुसऱ्या हाताचा आधार मिळतो. पिस्तुलाला एक पंजा, बस्स. त्यामुळे पंजा आणि मूठ यांच्यात जी फट राहील, जो ताण राहील, तो सरळ लक्ष्यावर उमटतो.

किती उमटतो, याचा हिशोब करू. आपण कारखान्यातली माणसे, आपल्याला आकडे आवडतात. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असते. लक्ष्य १० मीटरवर. म्हणजे पुढची साइट खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३० मिलिमीटर सरकतो. लक्ष्यातले दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. एका मिलिमीटरच्या चुकीने दहाच्या जागी सात मिळतात. अर्ध्या मिलिमीटरने नऊ. स्पर्धेत ६० नेम असतात, वेळ सव्वा तास. प्रत्येक नेमाला एकेक गुण गेला तर ६०० पैकी ५४० उरतात. पॅरिसला मनूने अंतिम फेरी गाठली ती ५८० गुणांवर. मायक्रोनमध्ये काम करणाऱ्या गावात अर्ध्या मिलिमीटरची किंमत मी आणखी काय सांगावी?

हा अर्धा मिलिमीटर हातातून येतो कसा? एअर पिस्तुलाचा ट्रिगर, म्हणजे चाप, नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा हवा. पिस्तुलाचे स्वतःचे वजन किलोच्या आसपास. म्हणजे एक किलोची वस्तू हवेत स्थिर धरायची आणि तिच्यावर अर्ध्या किलोचे बळ लावायचे. हे बळ नळीच्या रेषेत सरळ मागे आले तर काही बिघडत नाही. पण बोट दहा अंश तिरके झाले, तर ५०० पैकी सुमारे ८७ ग्रॅम बळ आडवे लागते आणि पिस्तूल बाजूला ढकलते.

बोट तिरके होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हाताला न बसणारी मूठ. हात लहान आणि मूठ मोठी असेल, तर तर्जनीचे फक्त टोक चापापर्यंत पोचते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे छर्रे मग डावीकडे जाऊ लागतात. उलट हात मोठा आणि मूठ लहान असली, तर बोट चापावर जास्त आत जाते आणि छर्रे उजवीकडे ओढले जातात. काही मुले बोट पोचावे म्हणून अख्खा पंजाच मुठीभोवती फिरवून घेतात. तसे केले की पिस्तूल हाताच्या मध्यरेषेतून निसटते आणि मनगटाला सारखे वळवून धरावे लागते. पहिले दहा नेम बरे जातात, चाळिसाव्या नेमाला हात थरथरतो.

इथे एका मुलीची गोष्ट सांगतो. वय १३, वडील टर्नर. ती ज्या क्लबात शिकत होती तिथले पिस्तूल मध्यम मुठीचे, दहा जण वापरणारे. तिचे छर्रे सारखे डाव्या बाजूला पडत. ‘झटका देतेस, मन एकाग्र कर’ असे तिला वर्षभर ऐकवले गेले, आणि ती खेळ सोडायच्या बेताला आली. मी तिला रिकामे पिस्तूल धरायला लावले. तर्जनीचे नख जेमतेम चापावर टेकत होते. एकाग्रता कमी नव्हती, बोट कमी पडत होते. क्लबाची मूठ घासता येईना, कारण ती इतरांचीही होती. मग वडिलांनी त्याच पिस्तुलाला बसणारी लहान मापाची मूठ तेवढी वेगळी विकत घेतली. मूठ स्क्रूवर बसते. सरावाआधी आपली लावायची, साइट ठरलेल्या क्लिकवर आणायची, सराव झाला की पहिली परत लावायची. पिस्तुलाच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडका. छर्रे मधोमध यायला महिना लागला, आणि पोरगी आजही खेळते आहे. मुली खेळात मागे पडतात तेव्हा कारण स्वभावात शोधण्याआधी मुठीत शोधावे, असे मला वाटते.

मग माप घ्यायचे कसे? आधी एक पथ्य. पिस्तूल रिकामे आहे हे स्वतः पाहून घ्या, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवा, आणि प्रशिक्षकासमोरच हे करा.

पहिले माप बेचक्यापासूनचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका मुठीच्या मागच्या खोबणीत अगदी वरपर्यंत बसवा. वरून पाहिले तर नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत दिसले पाहिजेत. आता तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराच्या गादीचा मधला भाग चापावर यायला हवा. बेचका ते ही गादी हेच तुमच्या हाताचे खरे माप. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत चाप रुळावर मागेपुढे सरकवता येतो, पण ती सोय थोडक्या फरकापुरती. मोठ्या मुठीचे दुखणे तिने बरे होत नाही.

दुसरे, तर्जनीची मुळाकडची बाजू लाकडाला घासता कामा नये. तिथे थोडी फट हवी. बोट लाकडाला टेकले की चाप ओढताना ते पिस्तुलालाही ढकलते.

तिसरे, पकड मधले बोट आणि अनामिका यांची. त्यांनी मूठ पुढून सरळ मागे तळव्यात दाबायची. करंगळी नुसती सोबतीला, अंगठा नुसता टेकलेला. बोटांची टोके तळव्यात रुतत असतील तर मूठ लहान आहे, आणि बोटे अर्धीच वळत असतील तर मोठी.

चौथे, तळव्याखालची सरकती फळी. ती हाताला स्पर्श करील इतकी वर आणा, आवळू नका. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हात फुगतो. सकाळी चपखल बसलेली मूठ दुपारी चावते.

शेवटची चाचणी सगळ्यांत सोपी. पिस्तूल धरून लक्ष्यावर आणा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुमची. दहापैकी आठ वेळा ती एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर ती बाजू सांगते की कुठे घासायचे आणि कुठे भरायचे.

घासण्या-भरण्याचे काम आपल्याकडच्या फिटरला अवघड नाही. मुठी बहुधा अक्रोडाच्या लाकडाच्या असतात. तळहाताला खडूची भुकटी लावून मूठ धरायची. जिथे भुकटी दाट उमटते तिथे लाकूड टोचते, आणि जिथे उमटतच नाही तिथे पोकळी आहे. ब्लू मारून पृष्ठभाग जुळवण्याचीच ही रीत. टोचते तिथे गोल कानस, नंतर पॉलिश पेपर. पोकळीत एम-सील किंवा लाकडाची लांबी. एका बैठकीत थोडेच काढायचे आणि आठवडाभर सराव करून पाहायचे, कारण काढलेले लाकूड परत येत नाही. नियमही ध्यानात ठेवायचा. सबंध एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, आणि मूठ मनगटाला आधार देणारी नको. भरता भरता जाडी ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की स्पर्धेआधीच्या तपासणीत पिस्तूल बाद.

पालकांची एक सवय मात्र मोडायला हवी. गणवेश घेताना आपण वाढत्या अंगाचा घेतो. पिस्तुलाची मूठ वाढत्या अंगाची घेऊ नये. मोठ्या मुठीवर दोन वर्षे घोटलेली वाकडी पकड हात वाढल्यावरही जात नाही. आज बसते ती लहान मूठ घ्यावी आणि हात वाढला की मूठ बदलावी, पिस्तूल तेच राहते. प्रत्येक कंपनीची लहान, मध्यम, मोठी ही मापे वेगळी असतात, तेव्हा एकीची ‘मध्यम’ बसली म्हणून दुसरीची बसेलच असे नाही. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने आखून घ्या, अंगठा सोडून तळव्याची रुंदी मोजा आणि ती त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

डावखुऱ्या मुलांसाठी डावी मूठ वेगळी मिळते. उगीच उजवा हात लादू नये. आणि ज्याला हात बदलावाच लागला, त्याच्यासाठी हंगेरीच्या करोली टकाचचे उदाहरण आहे. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटाने त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण त्याने जिंकले.

हे सगळे खेळापुरतेच आहे का? नाही. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ९ मिलिमीटर पिस्तुलात १३ गोळ्या दुहेरी रांगेत बसतात, म्हणून मूठ जाड. लहान हाताच्या शिपायाला ती अडचणीचीच. अमेरिकेच्या सैन्याने २०१७ मध्ये नवे पिस्तूल निवडले, ते लहान, मध्यम, मोठी अशा बदलत्या मुठींचे. कानपूरहून २०१४ मध्ये महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर आले, वजन सुमारे ५०० ग्रॅम. हलके असणे पर्समध्ये सोयीचे खरे, पण हलके म्हणजे हाताला बसणारे असे होत नाही. तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की धक्का जास्त बसतो, आणि चापापर्यंत बोट पोचते का, हा प्रश्न उरतोच.

कायद्याचेही सांगून ठेवतो. .२२ पिस्तूल घ्यायचे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे वेगळे पोलीस आयुक्तालय झाले, चाकणही त्यातच येते, तेव्हा अर्ज तिकडे. सुरुवात करणाऱ्याला त्याची घाई नको. ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलावर हात तयार होऊ द्यावा.

थोडक्यात, पहिले वर्ष क्लबाच्या पिस्तुलावर शिका, पण मूठ आपल्या मापाची लावा. दोन-तीन कंपन्यांची पिस्तुले रेंजवर हातात धरून पाहा. डोळे मिटून धरा. मुलीला विचारा, ‘बोट पोचते का?’ ती ‘हो’ म्हणाली की मग किंमत विचारा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)