दिशाभूल करणारी नाडी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, ट्रॉमा केंद्रांत म्हणजे अपघात, चाकूहल्ला वा गोळीबारातील गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या खास रुग्णालयांत, मेथॅम्फेटामीन घेतलेला जखमी ही तेथील शल्यचिकित्सकांच्या रोजच्या परिचयाची बाब झाली आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३मध्ये एफेड्रिनपासून तयार केलेले हे द्रव्य कोकेनप्रमाणेच उत्तेजकांच्या वर्गात मोडते. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअॅड्रिनॅलिन आणि डोपामिन ही रसायने मेथॅम्फेटामीन बाहेर ढकलते, तर कोकेन बाहेर पडलेली रसायने परत शोषली जाऊ देत नाही. दोहोंचा परिणाम मात्र सारखाच, तो म्हणजे हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब व शरीराचे तापमान चढते आणि झोप उडते.

पंचाईत अशी की, आतून रक्तस्राव होत असलेले निरोगी शरीरही यातील बरेचसे आपण होऊन करते. रक्त कमी पडू लागले की नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब काही काळ तग धरतो. म्हणून तातडीच्या कक्षात नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागून ‘शॉक इंडेक्स’ काढतात, जो एरवी ०.५ ते ०.७च्या दरम्यान असतो. नाडी १३० आणि वरचा रक्तदाब १०० असेल, तर तो १.३ येतो आणि पोटात रक्त साचत असल्याची शंका बळावते. परंतु तेवढीच नाडी निव्वळ उत्तेजकानेही धावू शकते. याची उलट बाजू अधिक घातक आहे. उत्तेजकाने रक्तदाब १४०वर धरून ठेवला, तर नाडी १२० असूनही हा आकडा ०.८६ इतकाच भरतो आणि प्लीहा फाटलेला माणूस कागदावर प्रत्यक्षाहून बराच सुस्थितीत दिसतो. अशा वेळी अनुभवी डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी आणि ऊतींना रक्त अपुरे पडले की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटची तपासणी पुन्हा पुन्हा करतात, अर्थात बेफाम धडपडीने लॅक्टेटही वाढते, हे लक्षात ठेवूनच.

भूल देतानाही हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. वर्षानुवर्षे व्यसन असलेल्याच्या मज्जातंतूंतील नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा आटलेला असू शकतो. त्यामुळे भुलीनंतर रक्तदाब कोसळला असता, साठ्यातूनच रसायन सोडवून काम करणारे एफेड्रिन निरुपयोगी ठरते आणि रक्तवाहिन्यांवर थेट परिणाम करणारे फिनाइलएफ्रिन वापरावे लागते. रुग्णाचे बरळणे नशेचे की डोक्याच्या माराचे, आणि नशा उतरल्यावर येणारी गाढ झोप ही झोपच की मेंदूतील रक्तस्राव, याचा निवाडा सीटी स्कॅनशिवाय सहसा होत नाही.

अशा रुग्णांना रुग्णालयात अधिक दिवस राहावे लागते आणि अतिदक्षता विभागाची गरज अधिक भासते, असे अनेक अभ्यासांत आढळले; मृत्यूच्या प्रमाणाबाबत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. याचे एक कारण खुद्द चाचणीत आहे. सेवनानंतर दोन ते चार दिवसही लघवीची चाचणी सकारात्मक येऊ शकते, त्यामुळे अपघाताच्या क्षणी माणूस नशेत होता, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय बुप्रोपिऑन किंवा लॅबेटॅलॉल यांसारखी साधी औषधेही प्राथमिक चाचणीला फसवू शकतात. उलट, मुंबईत ‘एमडी’ नावाने विकले जाणारे आणि २०१५मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेलेले मेफेड्रोन नेहमीच्या अॅम्फेटामीन चाचणीत बहुधा सापडतच नाही. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर रुग्णाच्या चारित्र्याचा निकाल लावणे अशास्त्रीय आहे, आणि दुखापतीच्या वेदनेवरील औषध हात आखडून देणे त्याहून वाईट.

डॉक्टर कित्येकदा अशी चाचणीच टाळत, आणि त्यामागे पैशाचेही कारण होते. अमेरिकेत १९४७च्या नमुना विमा कायद्यानुसार, मद्य वा अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेल्या दुखापतीचा खर्च नाकारण्याची मुभा विमा कंपन्यांना होती. अनेक राज्यांनी ती स्वीकारल्यामुळे, नोंद केली तर बिल बुडेल, या धास्तीने डॉक्टर विचारणाच करीत नसत. विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने २००१मध्ये ही शिफारस मागे घेतली. दरम्यान, सिएटल येथे शल्यचिकित्सक लॅरी जेंटिलेलो यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मद्यपी जखमींचे रुग्णालयातच थोडक्यात समुपदेशन केल्यानंतर, पुन्हा रुग्णालयात यावे लागेल अशा दुखापती सुमारे ४७ टक्क्यांनी घटल्या.

उत्तेजकांबाबत मात्र तेवढ्या बोलण्यावर भागत नाही. व्यसन सोडवणारे मान्यताप्राप्त औषध नाही. २०२१च्या एका मोठ्या चाचणीत नॅल्ट्रेक्सोन व बुप्रोपिऑन यांच्या जोडीला १३.६ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर नकली औषधाला २.५ टक्क्यांनी. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो नशामुक्त राहिल्याबद्दल लहानसे आर्थिक बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. व्यसनाधीनाला पैसे कशाला, असा आक्षेप असूनही कॅलिफोर्नियाने २०२३मध्ये ही पद्धत सरकारी आरोग्यविम्यातून सुरू केली. पण ती चालते बाह्यरुग्ण व्यसनमुक्ती केंद्रांत, आणि हाड जुळवून घरी निघालेला रुग्ण तेथवर पोहोचेल, याची जबाबदारी ट्रॉमा केंद्रात नेमकी कोणाची, हे ठरवणे अजून बहुतांशी त्या त्या रुग्णालयावरच सोडलेले आहे.